लागोसमध्ये बिऱ्हाड करताना: वीज, पाणी, गॅस आणि इंटरनेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नायजेरियातल्या नोकरीचं पत्र हातात पडलं की आपल्याकडची मंडळी पगार, शाळा आणि पिवळ्या तापाची लस यांची चौकशी करतात. घरात वीज कुठून येणार आणि नळाला पाणी कुठून येणार, हे मात्र बहुतेक जण विमानातून उतरल्यावर विचारतात. तोवर कंपनीच्या माणसाने घर ठरवून वर्षाचं भाडंही भरलेलं असतं. म्हणून नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांकडून जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. लागोसमध्ये वीजमंडळ, पाणीपुरवठा आणि गॅस एजन्सी ही तिन्ही कामं थोडीथोडी आपल्यालाच करावी लागतात. ती नीट जमवली की हे शहर राहायला चांगलं आहे.

खरंच रोज वीज जाते का? किती तास?

जाते. किती तास, ते तुमची इमारत कुठल्या फीडरवर, म्हणजे त्या भागाला वीज आणणाऱ्या मुख्य लाइनवर, आहे त्यावर ठरतं. नायजेरियात ग्राहकांचे पाच बँड केलेले आहेत: ए बँडला दिवसाला किमान २० तास, बीला १६, सीला १२, डीला ८ आणि ईला ४ तास वीज मिळावी असं ठरलेलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये ए बँडचा दर युनिटला साधारण ६८ नायरांवरून (नायरा हे इथलं चलन) एकदम २२५ नायरांवर नेला. नंतर तो थोडा खाली-वर झाला, पण ए आणि बाकीचे बँड यांच्यातली दरी कायम आहे. एकाच गल्लीत समोरासमोरच्या दोन इमारती वेगवेगळ्या बँडमध्ये असू शकतात, म्हणून ‘त्या भागात लाइट चांगला आहे’ एवढ्या माहितीवर विसंबू नका.

महाराष्ट्रात ज्यांनी २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं काढली आहेत त्यांना वाटतं, हे आपल्याला नवीन नाही. एक फरक मोठा आहे. आपल्या भारनियमनाला वेळापत्रक होतं, गृहिणी त्यावर गिरणी आणि पाण्याची मोटर बसवायच्या. इथे वीज कधी जाईल आणि कधी येईल हे कोणी सांगत नाही. ती आली की गल्लीतली पोरं ‘अप नेपा!’ अशी आरोळी ठोकतात. नेपा हे जुन्या सरकारी वीजमंडळाचं नाव. २००५ मध्ये ते मंडळ गेलं, नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं. आजही वीज गेली की ‘नेपाने लाइट नेला’ असंच म्हणतात.

तेल आणि वायू असलेल्या देशात असं का?

देशात बसवलेली वीजनिर्मिती क्षमता सुमारे १३,००० मेगावॅट आहे, पण ग्रिडवरून प्रत्यक्ष पोचते ती साधारण ४,००० ते ५,००० मेगावॅट, आणि लोकसंख्या २० कोटींच्या वर. एकट्या महाराष्ट्राची उन्हाळ्यातली मागणी २५,००० मेगावॅटच्या पुढे जाते, हे शेजारी ठेवून पाहा. बहुतेक वीज वायूवर होते. लागोसजवळचं एगबिन हे १,३२० मेगावॅटचं केंद्रही वायूवरच चालतं. वायूचे पैसे थकले किंवा पाइपलाइन बिघडली की केंद्रं मंदावतात. त्यावर पारेषणाचं जाळं जुनं. २०२४ मध्ये संपूर्ण राष्ट्रीय ग्रिड अनेकदा कोसळलं. २०१३ मध्ये वितरण ११ खासगी कंपन्यांकडे गेलं, पण तारा आणि ट्रान्सफॉर्मर एका रात्रीत नवे होत नसतात. यात तुमच्या वायरमनचा किंवा घरमालकाचा दोष फारच थोडा असतो, तेव्हा त्यांच्यावर चिडून काही हाती लागत नाही.

घर बघताना काय विचारायचं?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हे आहे. लागोसमध्ये भाडं सहसा वर्षाचं आगाऊ द्यावं लागतं, वर एजंटची आणि कागदपत्रांची फी. चुकीचं घर घेतलं तर ते वर्षभर निभवावं लागतं.

घर दिवसा बघितलंत तर रात्री आठनंतर पुन्हा एकदा जा. त्या वेळी कुठल्या इमारतीत जनरेटर घरघरतोय आणि कुठल्या खिडक्या अंधारात आहेत, ते डोळ्यांनी दिसतं. एजंट नेहमी ‘चोवीस तास लाइट’ सांगतो. त्यात ग्रिडचे किती आणि डिझेलचे किती, हे वेगळं विचारा. इस्टेटीत, म्हणजे कुंपण घातलेल्या वसाहतीत, सामायिक डिझेल जनरेटर असेल तर तो किती ते किती चालतो, दुपारी बंद असतो का, आणि डिझेल महागलं तर सर्व्हिस चार्ज वाढतो की जनरेटरचे तास कमी होतात, याची विचारणा करा. शक्य असेल तर हे भाडेकरारात लिहून घ्या. मागच्या भाडेकरूची वीजबिलाची थकबाकी नाही याची खात्री करा, कारण ती मीटरला चिकटलेली असते आणि तुमच्या रिचार्जमधून कापली जाते.

गेटमनशी पाच मिनिटं बोला. काल लाइट किती वाजता आला, पाण्याची मोटर केव्हा लावतात, बोअरचं पाणी पिवळं येतं का, हे त्याच्याइतकं खरं कोणी सांगत नाही. मग बाथरूममध्ये जाऊन कमोडच्या आतला रंग बघा. विटकरी पट्टा दिसला तर पाण्यात लोह आहे.

इकोयी, व्हिक्टोरिया आयलंड, इकेजा जीआरए इथे सोयी जास्त आणि भाडंही जास्त. इलुपेजूला इंडियन लँग्वेज स्कूल असल्यामुळे बरीच भारतीय कुटुंबं तिकडे राहतात. मुलं लहान असतील तर शाळेजवळ राहण्याचा फायदा मोठा आहे. माझं मत असं: दोन खोल्या कमी चालतील, पण ए बँड आणि स्वतःचं बरं बोअर असलेलं घर घ्या.

मीटर प्रीपेड असतो म्हणजे नेमकं काय?

पैसे भरले की वीस आकड्यांचा टोकन येतो, तो मीटरच्या कीपॅडवर दाबायचा. बँकेच्या अ‍ॅपवरून लगेच मिळतो. भरलेल्या रकमेतून साडेसात टक्के व्हॅट आधी वजा होतो. शिल्लक रात्री दोन वाजता संपू नये म्हणून शनिवारी मीटर बघायची सवय लावा आणि टोकनचे आकडे कागदावर लिहून ठेवा.

घर बरेच महिने रिकामं असेल तर एक गोष्ट तपासा. जगभरातल्या अशा मीटरांना २४ नोव्हेंबर २०२४ पूर्वी एकदा विशेष टोकन देऊन अद्ययावत करणं गरजेचं होतं. ते राहून गेलेला मीटर नवे टोकन स्वीकारत नाही. किल्ली हातात घेण्याआधी घरमालकासमोर थोड्या रकमेचा टोकन भरून बघा.

मीटरच नसेल तर बिल अंदाजाने येतं. ते घर टाळा.

ए बँडचा दर भरूनही वीज येत नसेल तर गप्प बसू नका. सलग सात दिवस ठरलेले तास मिळाले नाहीत तर तो फीडर खालच्या बँडमध्ये उतरवायचा, असा नियामकाचा नियम आहे. रोजच्या तासांची नोंद ठेवून सगळ्या भाडेकरूंनी मिळून तक्रार केली तर तिला वजन येतं.

जनरेटर, इन्व्हर्टर की सोलर? आधी काय घ्यावं?

आधी इन्व्हर्टर आणि बॅटरी, मग परवडलं तर सोलर, आणि जनरेटर अगदी शेवटच्या गरजेसाठी. पूर्वी उलट क्रम बरोबर होता, कारण पेट्रोल स्वस्त होतं. मे २०२३ अखेर पेट्रोलवरची सबसिडी गेली. २०० नायरांच्या आत मिळणारं लिटरभर पेट्रोल काही दिवसांत ५०० च्या आसपास गेलं आणि २०२४ संपेपर्यंत त्याने हजारी ओलांडली होती.

बॅटरी निवडताना भारतातला अनुभव जसाच्या तसा वापरू नका. आपल्याकडे वीज दोन-तीन तास जाते आणि मग दिवसभर असते, त्यामुळे ट्यूब्युलर बॅटरी पुन्हा पूर्ण भरते. तिला पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात. लागोसच्या सी किंवा डी बँडमध्ये एवढी सलग वीज मिळतच नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिली की शिशाच्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि पाच वर्षं टिकणारी बॅटरी दीड-दोन वर्षांत मान टाकते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग असते, पण पुरेसा चार्जर असेल तर दोन-तीन तासांत भरते, अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं बिघडत नाही, आणि तिची जवळजवळ सगळी क्षमता वापरता येते. म्हणून ए बँडमध्ये ट्यूब्युलर चालेल. त्याखालच्या बँडमध्ये लिथियमच घ्या.

हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, २२० अ‍ॅम्पियर-तासांची एक ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे सुमारे २.६ युनिट, त्यातले निम्मेच वापरावेत. दोन साधे पंखे, पाच एलईडी दिवे, राउटर, टीव्ही आणि फ्रिज मिळून सरासरी ३५० ते ४०० वॅट होतात. दोन बॅटऱ्यांवर हे पाच-सहा तास निघतं. पाच युनिटांच्या लिथियमवर रात्र निघते. एसी, गिझर आणि इस्त्री या हिशेबात धरू नका. पाण्याचा एक अश्वशक्तीचा पंप चालू होताना तिप्पट किंवा त्याहून जास्त झटका मागतो. इन्व्हर्टर लहान असेल तर तिथेच बसतो.

सोलर बसवणार असाल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या आणि पॅनेल नट-बोल्टने काढता येतील असे लावा, घर सोडताना सोबत नेता येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हरमटान वारे सहाराची बारीक धूळ आणतात. त्या दिवसांत पॅनेल आठवड्याला पुसले नाहीत तर वीज बरीच घटते. पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यांतही सोलरवर पूर्ण भिस्त ठेवू नका.

लहान जनरेटर गॅलरीत ठेवला तर चालेल का?

नाही. कधीच नाही. पाऊस असला तरी नाही, चोरीची भीती असली तरी नाही.

जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. नायजेरियात घरंच्या घरं अशी गेली आहेत, आणि अशा बातम्या येणं थांबलेलं नाही. गॅलरी, पॅसेज, जिन्याखालची जागा, स्वयंपाकघर, अर्धं उघडं गॅरेज यांतली एकही जागा चालत नाही. जनरेटर उघड्यावर, खिडक्यांपासून किमान सहा-सात मीटर दूर आणि धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला करून ठेवा. झोपण्याच्या खोल्यांमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावा. भारतातून किंवा दुबईतून येताना आणला तरी चालेल. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं असं घरातल्या दोघांना एकाच वेळी होऊ लागलं तर आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, कारण नंतर शोधा.

गेटमनची खोलीही बघा. अनेक आवारांत त्याची खोली जनरेटरच्या भिंतीला लागूनच असते. आपल्या घरात धूर येऊ नये म्हणून जनरेटर गेटकडे सरकवला जातो आणि तो रात्रभर त्याच्या उशाशी चालतो. आपल्यासाठी जागं राहणाऱ्या माणसाच्या जिवाची जबाबदारी आपली आहे. जनरेटर तिथून हलवायला लावा, घरमालक कुरकुरला तरी मागे लागा आणि गजर त्याच्या खोलीतही बसवा.

बाकी नियम थोडे आहेत. जनरेटर बंद करून थंड झाल्यावरच पेट्रोल ओता. घरात कॅन भरून ठेवू नका. आणि चेंजओव्हर स्विचशिवाय (तो एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडतो) जनरेटर घराच्या वायरिंगला जोडू नका, नाहीतर वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जातो.

व्होल्टेजचं काय?

इथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे, भारतातली उपकरणं चालतात. मात्र व्होल्टेज कधी दीडशेवर येतं, तर वीज परत येताना उसळी मारतं. फ्रिज आणि एसीला स्टॅबिलायझर हवाच, तोही वीज आल्यावर तीन मिनिटं थांबून सुरू होणारा. व्होल्टेज बिघडलं की वीज आपोआप तोडणारा संरक्षक मीटरनंतर बसवून घेतला तर एका चांगल्या फ्रिजची किंमत वाचते.

पाणी कुठून येतं? ते प्यायचं का?

सरकारी पाणीपुरवठ्याची इजू आणि अदियान इथे मोठी केंद्रं आहेत, पण त्यांचे नळ शहराच्या फार थोड्या भागात पोचतात. बहुतेक घरं बोअरवर चालतात. म्हणजे वीज नाही तर पंप नाही आणि पंप नाही तर पाणी नाही. लाइट आला की आधी टाकी भरा, मग कपड्यांचं मशीन लावा. चौघांच्या कुटुंबाला गच्चीवर २,००० लिटरची टाकी असेल तर दोन-तीन दिवसांचा दिलासा राहतो. मोठ्या इस्टेटींत टँकरही मागवतात, पण त्याचं पाणी कुठून भरलं ते विचारा.

लागोसचं बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी आम्लधर्मी आणि लोहयुक्त असतं. सुटलेलं पाणी स्वच्छ दिसतं आणि तासाभरात बादलीत तांबूस होतं. पांढरे शाळेचे शर्ट त्यात महिनाभरात पिवळे पडतात. लेक्कीच्या बाजूला समुद्र आणि लगून जवळ असल्याने काही बोअर खारट आहेत. घर घेतल्यावर एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या, आणि फिल्टर त्या अहवालावरून निवडा. नुसत्या लोहासाठी हवा मिसळणारी टाकी आणि लोहाचा फिल्टर पुरतो. खारटपणासाठी आरओ लागतो, पण पाण्यात लोह असताना थेट आरओ लावला तर त्याचं मेम्ब्रेन लवकर खराब होतं.

पिण्यासाठी डिस्पेन्सरच्या मोठ्या बाटल्या घ्या किंवा गाळून उकळलेलं पाणी वापरा. रस्त्यावर अर्ध्या लिटरच्या पिशव्या मिळतात, त्यांना इथे ‘प्युअर वॉटर’ म्हणतात. घ्यायचीच वेळ आली तर नाफडॅक या सरकारी संस्थेचा क्रमांक छापलेली आणि उन्हात न तापलेली पिशवी घ्या. जून २०२४ मध्ये लागोसमध्ये कॉलऱ्याची साथ आली होती. भाज्या धुण्याचं पाणीही प्यायच्या दर्जाचं ठेवा, विशेषतः कोशिंबिरीसाठी.

गॅस सिलिंडरची नोंदणी कुठे करायची?

नोंदणी नाही. सिलिंडर आपण विकत घ्यायचा आणि गॅस प्लँटवर जाऊन किलोवर भरून आणायचा. घरगुती मोठा सिलिंडर १२.५ किलोचा, आपल्या १४.२ किलोपेक्षा थोडा लहान. दोन ठेवा. टंचाई आली की रांगा लागतात. सिलिंडरवर कोरलेलं रिकामं वजन आधी वाचा आणि भरल्यावर काट्यावर डोळे ठेवा. रेग्युलेटर आणि नळी इथेच, सिलिंडरसोबत घ्या, भारतातून आणू नका. ड्रायव्हर सिलिंडर गाडीत आडवा ठेवतो, त्याला ते करू देऊ नका.

फ्रिजवर भरवसा नसेल तर मराठी स्वयंपाक कसा करायचा?

खरं सांगायचं तर आपलं जेवण या परिस्थितीला चांगलं जुळतं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लसणीची सुकी चटणी, शेंगदाण्याचं कूट, कडधान्यं, यांतल्या कशालाच फ्रिज लागत नाही. दमट हवेमुळे कीड मात्र लवकर लागते. डबे घट्ट झाकणाचे ठेवा आणि रवा, बेसन थोडं थोडं आणा. इडलीचं पीठ इथे पाच-सहा तासांतही फुगून वर येतं, म्हणून एका वेळेपुरतंच वाटा. ओलं खोबरं बाजारात भरपूर मिळतं, पण वाटण त्याच दिवशी संपवायचं. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण जास्त टिकतं. मिक्सर इन्व्हर्टरवर चालतो.

बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो आणि गच्च भरलेला, न उघडलेला फ्रीजर दोन दिवसांपर्यंत तग धरतो. फ्रीजरमध्ये मोकळी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून भरा. मासे आणि चिकन आठवड्याचं एकदम आणू नका. वितळून पुन्हा गोठलेलं असल्याची शंका आली तर टाकून द्या.

वीज नसताना रात्री खिडक्या उघडाव्या लागतात. डासांचं काय?

घरातल्या विजेचा आरोग्याशी सगळ्यात थेट संबंध इथे येतो. पंखा बंद पडतो, उकडतं, खिडकी उघडली जाते आणि मलेरिया पसरवणारी अ‍ॅनोफेलिस डासाची मादी आत येते. नायजेरियातला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे घातक आहे. म्हणून इन्व्हर्टरवर पहिला मान झोपण्याच्या खोलीतल्या पंख्याचा, टीव्हीचा नंतर. सगळ्या खिडक्यांना जाळी आणि मुलांच्या पलंगाला औषध लावलेली मच्छरदाणी हवीच. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. सुट्टीत पुण्या-मुंबईला असताना ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की आपण नायजेरियातून आलो आहोत.

इन्सुलिन आणि इतर औषधं?

वापरात असलेलं इन्सुलिन बहुधा खोलीच्या तापमानात काही आठवडे चालतं; मर्यादा पाकिटावर छापलेली असते. लागोसची खोली मात्र त्या मर्यादेपेक्षा गरम होऊ शकते, तेव्हा पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी जवळ ठेवा. न उघडलेला साठा एकाच फ्रिजमध्ये ठेवू नका, थोडा शेजाऱ्यांकडे किंवा ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवा. आई-वडील येणार असतील आणि त्यांना नेब्युलायझर किंवा झोपेतलं श्वासाचं यंत्र लागत असेल तर ते येण्याआधी एक रात्र ते यंत्र किंवा तेवढाच भार बॅटरीवर चालवून बघा.

इंटरनेट आणि घरी फोन?

राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. १४ मार्च २०२४ ला आयव्हरी कोस्टजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा पश्चिम आफ्रिकेतलं इंटरनेट एकदम मंदावलं होतं. जानेवारी २०२३ पासून इथे स्टारलिंकही मिळतं, घरून काम करणाऱ्यांनी जरूर विचार करावा. भारत साडेचार तास पुढे आहे. इथे संध्याकाळी सात म्हणजे तिथे साडेअकरा. फोन लागला नाही तर घरची माणसं रात्रभर जागी राहतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की इथे फोन बंद असणं बहुधा विजेमुळे असतं, आणि तातडीसाठी एका शेजाऱ्याचा नंबर देऊन ठेवा.

भारतातून काय आणावं?

बीएलडीसी छताचे पंखे. साधा पंखा ७० ते ७५ वॅट घेतो, हा ३० च्या आसपास, आणि कमी व्होल्टेजवरही चांगला फिरतो. दोन पंखे बदलले तर वरच्या हिशेबातले बॅटरीवरचे तास साधारण पावपट वाढतात. शिवाय आत बॅटरी असलेले एलईडी बल्ब, प्रेशर कुकरच्या रिंगा आणि शिट्ट्या, फिल्टरच्या कॅण्डल. सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी तीन पिनांचे आहेत. अ‍ॅडॉप्टरच्या माळा लावण्यापेक्षा इथल्या वायरमनकडून प्लग बदलून घ्या. पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यायची. इन्व्हर्टर आणि बॅटरी इथेच घ्या, भारतीय बनावटीच्याही मिळतात.

महिनाभर सुट्टीवर जाताना काय करायचं?

फ्रिज रिकामा करा, पुसा आणि दार उघडं ठेवा. गॅस सिलिंडरवरूनच बंद करा. शिशाची बॅटरी पूर्ण भरून आणि तिच्यात पाणी तपासून ठेवा, लिथियम अर्धी भरलेली बरी. पंपाचा स्विच आणि मुख्य वीज बंद करा, मीटरमध्ये मात्र थोडी शिल्लक राहू द्या. परत आल्यावर टाकीतलं पहिलं पाणी पूर्ण सोडून द्या, टाकी आतून घासून घ्या आणि मगच नवीन भरा.